अलीकडचे पाच, पलीकडचे सहा

आमच्याकडे पाच वाजत तेव्हा नदीपलीकडे सहा वाजलेले असत. यात सूर्याचा काही दोष नव्हता. पूर्वी दोन्ही काठांवर एकच वेळ होती. मग पलीकडच्या कारखानदारांनी ओरड सुरू केली, की आमचा सगळा व्यवहार पूर्वेच्या बंदराशी, आणि आम्ही कुलपं उघडेपर्यंत तिथले लोक अर्धी कामं उरकून बसलेले. सरकारने त्यांचं ऐकलं. अलीकडच्यांचं काम जिल्ह्याच्या कचेरीशी, आणि ती पश्चिमेला. ते म्हणाले, आम्ही आहोत तिथेच बरे. झालं, नकाशावर नदीच्या मधोमध रेघ ओढली गेली. नदीला कुणी विचारलं नाही आणि मलाही नाही.

मी राहते अलीकडे आणि शर्टांच्या कारखान्यात काजं करते पलीकडे. तिकडचे नऊ गाठायचे तर इकडच्या आठच्या आत पूल ओलांडायला हवा. नवऱ्याचा चहा व्हायच्या आत मी घराबाहेर. सासूबाई गल्लीभर सांगत, "ती मेली रेघ पोरीचा रोज एक तास खाते." खरंच होतं ते. पण संध्याकाळी रेघ तो तास परत देत होती, हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कारखाना सहाला सुटतो, एवढं त्यांना पाठ होतं. घरातलं दुसरं कुणी कधी पूल ओलांडत नव्हतं, मग तिकडच्या सहाला इकडे पाचच असतात हा हिशेब करतं कोण!

पहिल्या दिवशी पुलाशी आले आणि लक्षात आलं, घरी माझी वाट बघायला अजून तासभर अवकाश आहे. पाय पुढे टाकवेना. पुलाच्या त्याच टोकाला दाताचा दवाखाना होता. आत शिरले आणि बसले.

दाताच्या दवाखान्यात बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही. कुणी बोलतसुद्धा नाही, जो तो आपला गाल धरून बसलेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नंबर लावणाऱ्या बाईंनी विचारलं, "दात कुठला दुखतो?"

"एकही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग ती कोपऱ्यातली खुर्ची घ्या. तिथे डॉक्टरांचं लक्ष जात नाही."

तिथे मी काही म्हणजे काही करत नसे. दिवसभर काजं, घरी गेलं की घर. मधला तेवढा तास माझा होता, आणि मी तो जिवापाड जपला. माझ्याच गल्लीतली एक कॉलरवाली, म्हणजे कॉलर शिवणारी, माझ्याच कारखान्यात होती. तीही रोज पूल यायच्या आधीच कुठेतरी वळायची. मी तिला विचारलं नाही, तिनं मला विचारलं नाही.

नवरा वायरमन. माणूस सोन्यासारखा, पण अर्ज करायची भारी हौस. गटार तुंबलं, अर्ज. दिवा गेला, अर्ज. गल्ली त्याला पुढारीच म्हणते. त्याला माझे हाल बघवेनात. अलीकडेही पलीकडचीच वेळ लावा, म्हणून त्यानं दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. "तुझ्यासाठी करतोय गं," एकदा जेवताना म्हणाला, आणि मला रडू कोसळलं. त्यानं त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. सांगावं तर एवढी वर्षं कुठे बसत होतीस, याचं उत्तर द्यावं लागणार. न सांगावं तर तास जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. साहेब वरून आले होते, चेहऱ्याने हुशार आणि दुर्दैवाने खरोखरच हुशार. लोकांची अडचण काय ते पाहूनच रेघ हलवता येते, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्यानं माझा दंड धरून मला उभं केलं. "हिला विचारा साहेब. रोज तास मरतो हिचा."

"सवय झालीय," मी पुटपुटले.

"भिऊ नकोस, सांग!" सासूबाई मागून ओरडल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पण बाई, सकाळी जाणारा तास संध्याकाळी परत मिळतो की. तिकडे सहाला सुटता, तेव्हा इकडे पाचच वाजलेले असतात. मग घरी किती वाजता पोचता?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. बोटांवर हिशेब करताना मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"बस मिळत नाही," मी म्हटलं. "कारखाने सगळे एकदम सुटतात. तासभर ताटकळावं लागतं."

"हो, हो, बसच मिळत नाही," कॉलरवाली घाईघाईने उठून म्हणाली.

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि एवढी वर्षं बोलली नाहीस? वेडी का काय? उद्यापासून मी येतो न्यायला."

साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं.

रेघ सरकली. सरकायच्या आधीच, सुनावणीच्या दुसऱ्याच दिवसापासून नवरा स्कूटर घेऊन कारखान्याच्या फाटकाशी हजर. एक दिवस चुकला नाही. कॉलरवालीचा भाऊही यायला लागला. ती माझ्याकडे बघेनाशी झाली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. नवीन वेळ लागू झाली त्या दिवशी नवऱ्यानं गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, "आता तरी खूश?" मी मान डोलावली. त्याचा आनंद एवढा खरा होता, की माझा राग मला कुठेच काढता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने लवकर चप्पल चढवली. घड्याळ बघून सासूबाई हसल्या.

"अगं, कुठे निघालीस? आता सकाळचा आख्खा तास तुझा," त्या म्हणाल्या, आणि खोचलेला पदर सोडून माझ्या हातात झारा दिला. "सगळ्यांचे डबे आता तूच करत जा. मी आपली जरा पडते."