माझ्या पोटातलं मैदान

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर हाय. अंगानं जाड, तोंड डब्यावानी, आवाज पिठाच्या गिरणीचा. आता मला कुणी इचारत न्हाई, पण एके काळी मांजरसुंब्यात माझ्या तोडीचा दुसरा न्हवता, हे आधीच सांगून टाकतो.

पुण्यात एका दुकानात माझे भाग जोडले. तिथनं गावच्या केदारनाथनं मला गोधडीत गुंडाळून एसटीतनं मांडीवर आणलं. त्याचं किराणा दुकान, बाजूला पीसीओची पिवळी पाटी. तवा गावोगाव कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. केदारनाथची बायको वर्षाराणी शिकलेली, तिनं दुकानावरच्या खोलीत क्लास काढला. पोरं हात धुऊन मला शिवायची. असा मान होता माझा.

वर्षाराणीचे सासरे ईश्वरप्पा. जवळ धरण बांधलं तवा इंजिनीयर साहेबांनी माळावर गोल्फचं मैदान केलतं. त्यांच्याकडनं गावातले दोघंच शिकले, एक ईश्वरप्पा, दुसरे पुढारी विठ्ठलराव. साहेब बदलून गेले तरी ह्या दोस्तांचा खेळ चालूच. मग जमिनीला भाव आला, मैदान बंद झालं, प्लॉट पडले. त्यात विठ्ठलराव पुढं होते. ईश्वरप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढं त्यांचं एक अंग लुळं पडलं, आन म्हातारा घरात गप बसून राहायला लागला.

वर्षाराणीला कुठनंतरी गोल्फच्या गेमची सीडी मिळाली. तिच्यात आपलं मैदान आपण बनवायची सोय होती. मामंजींचं मैदान त्यांना परत द्यायचं, असं तिनं मनावर घेतलं. मी जिवाचं रान केलं, मित्रांनो. तापलो, अडकलो. लाईट गेली की केलेलं पुसून जायचं, की पुन्हा पहिल्यापासनं.

केदारनाथनं बापाला धरून वर आणलं, आन पहिल्यांदा तिनं हिरवंगार मैदान दावलं. ईश्वरप्पा बघतच राहिले. "हा ऊस कुणाचा हाय, पोरी?"

आमच्या माळाला गवत कुठलं? बॉल घालायच्या खड्ड्याभवती जळकं ऑईल टाकून दाबलेली वाळू असायची. मग वर्षाराणीनं सगळीकडं वाळू ओतली. गेम बिचारा परदेशातला. त्याला वाटायचं बॉल चुकून वाळूत गेला, आन दर फटक्याला तो हळहळायचा. ईश्वरप्पा लई दिसांनी हसले.

सातवा खड्डा मातर त्यांना धड सांगता येईना. वर्षाराणीनं कुणाला न इचारता विठ्ठलरावांना निरोप धाडला. ते जोडे घालूनच वर आले. पुढाऱ्याला कोण अडवणार? दोघं माझ्याम्होरं बसले, एकमेकांकडं न बघता.

"सूनबाई, सासऱ्याला सांग, कडुलिंब डाव्या अंगाला होता."

"त्याला सांग, उजवीकडं होता," ईश्वरप्पा म्हणाले. "डावीकडं बसून हा तंबाखू मळायचा. त्याला काय दिसतंय?"

वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला आन लिंब मधोमध लावला. दोघांनी मान डोलावली. लिंबाखाली दगड पायजे, असं विठ्ठलराव बोलले. तिनं दगड ठेवला. ते वाकले, जोडे काढून दाराबाहेर ठेवून आले.

वर्षाराणीला काई कळेना. ईश्वरप्पांनी सांगितलं, तो दगड म्हंजी म्हसोबा. तिथनं फटका मारायचा तर अनवाणी. काटे टोचले तरी साहेबसुद्धा बूट काढायचे.

आन मग ते सरळ विठ्ठलरावांकडं वळले. "देवाचं काय केलंस बे?"

अबोला कशापायी होता, ते मला तवा उमगलं. प्लॉट न्हवं, हा सवाल अडकलता.

"माळ सपाट करायला मशीन यायच्या आदी उचलला," विठ्ठलराव म्हणाले. "माझ्या मळ्यातल्या हिरीपाशी बसवलाय. शेंदूर मीच लावतो."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"सांगायला आलतो. तू दार लावून घेतलंस."

ईश्वरप्पा खुर्ची धरून उठायला लागले. "चल. दाव."

विठ्ठलरावांनी त्यांचा लुळा हात आपल्या खांद्यावर घेतला. बॉल सातव्या खड्ड्यापाशी तसाच पडून राहिला. वर्षाराणीनं मला बंद केलं न्हाई.

मित्रांनो, पुढं माझ्यापेक्षा चपळ मशिनी आल्या, मी माळ्यावर गेलो. माझी धूळ पुसली न्हाई तरी चालंल. पण गावातली एखादी जागा बुजली, तर तिथं खेळलेल्या माणसांना एकत्र बसवा, भांडू द्या, आन ती जागा कुठंतरी उतरवून ठेवा. मोठ्या शहरातल्या कॉम्प्युटरांनी लई मोठी कामं केली असतील. रुसलेल्या दोन म्हाताऱ्यांना एका जिन्यावरनं संगं उतरवलं, ते मी.