या चेहऱ्यावर जमलं तर

अराबाने थोरल्या बहिणीला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि समोर मोबाइल उभा केला. "ताई, मान जरा वर धर."

कुकुआने मान वर धरली. घानातल्या एल्मिनाच्या बंदरामागे बावीस वर्षं भट्टीच्या धुरावर मासे धुरवत आलेली बाई ती. तिच्या तोंडावरून कुणी मायेने हात फिरवल्याला जमाना लोटला होता. आई गेली तेव्हा अराबा दोन वर्षांची होती. तिला पाठीशी बांधून कुकुआने भट्टी सांभाळली, तिला वाढवलं, राजधानीत, आक्राला पाठवून मेकअप शिकवला. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता अराबा नवशिक्या पोरींसाठी व्हिडिओ करायची आणि हजारो पोरी ते पाहायच्या.

अराबा इंग्रजीत बोलत होती. कुकुआला इंग्रजी येत नव्हतं, पण बोटं कळत होती. आधी गार क्रीम, ते मुरेपर्यंत थांबणं. मग गालाच्या रंगाशी जुळवलेलं फाउंडेशन, ओल्या स्पंजने टिपत टिपत, घासायचं नाही. डोळ्यांखाली थोडी उजळ छटा, त्यावर पावडर. भुवयांना पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा. मधेच अराबा मोबाइलकडे बघून काहीतरी म्हणाली आणि हसली. आपलं कौतुक चाललंय असं वाटून कुकुआही हसली.

चार दिवसांनी बाजारात कांदेवाल्या मान्साने तो व्हिडिओ तिला दाखवला. मान्सा दहा वर्षं आक्रात राहून आलेली. तिला इंग्रजी समजायचं.

"बरी दिसतेय ना गं मी?"

मान्सा कांदे निवडू लागली.

"काय म्हणतेय ती? सांग की."

"जाऊ दे ना."

"मान्सा, सांग."

"म्हणतेय, ही बंदरावरची एक मासेवाली. धुराने कातडं बघा कसं झालंय. पोरींनो, या चेहऱ्यावर जमलं तर तुमच्यावर जमेलच."

"बहीण नाही म्हणाली?"

"नाही गं."

कातड्याचं कुकुआला काही वाटलं नाही. ते खरंच होतं. 'एक मासेवाली' मात्र काट्यासारखं घशात रुतलं.

रविवारी अराबा मेकअपची पेटी घेऊन आली, तेव्हा कुकुआने विचारलं, "मी कोण गं तुझी?"

अराबाला कळायला वेळ लागला नाही. "ताई, ते धंद्यातलं बोलणं. बहीण म्हटलं की लोक घरदार काढतात. आई शाळेत शिकवायची, असं सांगितलंय मी तिकडे."

"आई मासे धुरवायची."

"म्हणून तर," अराबा म्हणाली आणि ब्रश पुसू लागली. "बसतेस ना? लोकांना आवडलाय तुझा चेहरा."

कुकुआ बसली. क्रीम झालं, पावडर झाली, भुवया झाल्या. अराबाने लिपस्टिक उघडली, तेव्हा कुकुआ थेट मोबाइलकडे बघून आपल्या फांटे बोलीत म्हणाली, "मी कुकुआ. हिची थोरली बहीण. ही माझ्या पाठीवर वाढलीय."

अराबाने तिची हनुवटी धरली. मग तिने ओठ रंगवायला घेतले.

तोही व्हिडिओ मान्सानेच आणला. कुकुआने ती जागा बरोबर ओळखली. तिचे ओठ हलत होते, पण वर गाणं वाजत होतं आणि अराबाचा आवाज चालू होता.

"आता काय म्हणतेय?"

मान्साने मान खाली घातली. "म्हणतेय, लिपस्टिक लावताना समोरचीला बोलू देऊ नका. कडा फिसकटतात."

पुढच्या रविवारी कुकुआ दाराला कुलूप लावून पहाटेच शेजारच्या गावी मासे विकायला गेली. अराबा येईल, वाट पाहील, निदान शेजारणीला विचारील, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

अराबा आली होती. कुलूप बघून ती तशीच बंदरावर गेली आणि तासाभरात तिला दुसरी मासेवाली मिळाली.