सात वेळा गेलेली मावशी

ही गोष्ट कुणीही खरी मानणार नाही. आजवर ज्याला ज्याला ती ऐकवली, त्याने आधी मान हलवली, मग तो पोट धरून हसला, आणि जाता जाता हळूच म्हणाला, "आमच्या ऑफिसातही थोडंफार असंच चालतं बरं का!" तेव्हा मंडळी, विश्वास ठेवायची सक्ती नाही. नुसतं ऐका.

प्रवासी बॅगांचा एक कारखाना होता. दोनशे चाळीस माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी बॅगा शिवायची, आणि स्वतःला सुट्टी हवी असली की घरातलं एखादं माणूस मारायची.

घाबरू नका, कागदावर!

त्याचं असं होतं की साधी रजा हवी तर महिनाभर आधी कळवावं लागे. आता ताप काही महिनाभर आधी कळवून येत नाही. पाण्याचा पाइपही फुटताना नोटीस देत नाही. अशा अडचणीसाठी 'तातडीच्या रजेचा अर्ज' होता. त्यावर एकच ओळ छापलेली होती: 'जवळच्या नातेवाइकाचे निधन झाल्यामुळे.' पुढे नातं लिहायला टीचभर जागा आणि खाली सही. दुसरं कारणच नाही! मग लोक काय करणार? अकरा वर्षांत त्या कारखान्याचे सहाशे तेरा नातेवाईक वारले. एका कारागिराला सोळा काका होते, आणि सोळाच्या सोळा सोमवारीच गेले. एका रंगाऱ्याची सासू त्याच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेली. विजेचं काम बघणाऱ्या गृहस्थाने तर घाईघाईत स्वतःचंच नाव लिहिलं, आणि अर्ज मंजूर झाला!

हे सगळे अर्ज ज्या टेबलावरून जात, तिथे हजेरीबाई बसायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्या हजेरी मांडायला म्हणून लागल्या. घरचं सगळं उरकून, डोळे चोळत चोळत त्यांनी मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम टपालाने पुरा केला, प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि ती लोखंडी कपाटावर अशी टेकवून ठेवली की आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच पडावी. आता त्या सहायक अधिकारी होत्या. विभागप्रमुखाची खुर्ची दोन महिने रिकामी होती, आणि येता-जाता बाई तिच्याकडे अशा बघायच्या, जसं बसमध्ये उभं असलेलं माणूस उठू पाहणाऱ्या प्रवाशाकडे बघतं.

एका सोमवारी कारखान्याच्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"बाई, हे लोक आपल्याला वेड्यात काढतायत. सतरावा काका येत्या सोमवारी जाईल, बघा! एकाला पकडा, पुराव्यानिशी. एक घरी गेला की बाकीचे आपोआप सरळ होतात. शुक्रवारी त्याला कामावरून कमी केल्याच्या पत्रावर तुमची सही झाली पाहिजे."

"आणि मग, साहेब?"

"मग काय? पुढच्या सोमवारपासून तुम्ही प्रमुख."

बाईंनी दोन दिवस फायली उपसल्या आणि मयतांचा मोठा तक्ता काढला. त्यात एक मासा आयता गळाला लागला. पॅकिंगमधला टेपवाला. खोकी बंद करायच्या चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं त्याच्या मनगटात कायम असायचं, म्हणून हे नाव. बाकीचे लोक निदान नाती तरी बदलत. ह्याने चार वर्षांत एकाच मावशीला सात वेळा मारली होती. आळस तरी किती असावा माणसाने!

बुधवारी त्याला समोर उभं केलं.

"तुम्हाला मावश्या किती?"

"एकच आहे, मॅडम." टेपवाल्याने जीभ चावली. "म्हणजे, होती."

"किती वेळा होती?"

टेपवाला मनगटातलं रीळ गोल गोल फिरवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मॅडम, घरी मुलगी आहे, बायको आहे. नोकरी गेली तर अवघड होईल."

"ते आधी सुचायला हवं होतं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी प्रमुखाला शोभेलसा निघाला.

आता फक्त पुरावा हवा होता. गुरुवारी दुपारी, टेपवाला कामावर असताना, बाई फाइल काखेत मारून त्याच्या घरी गेल्या. तिसरा मजला, रंगाचे पोपडे सुटलेला जिना, दाराबाहेर ओळीने मांडलेल्या चपला. बेल वाजेना, म्हणून त्यांनी कडी वाजवली. ओले हात पुसत एक ठेंगणी, गुबगुबीत बाई दारात आली.

"कोण हवंय?"

"पॅकिंगमध्ये काम करतात त्यांच्या मावशी इथे..."

"मीच ती."

हजेरीबाईंनी फायलीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर सात वेळा गेलात!"

"सात?" मावशीने बोटं मोजली. "मला सहाच आठवतात. एकदा मला न विचारता मारलं वाटतं मेल्याने! ये, आत ये. मयताशी उंबरठ्यावरून कशाला बोलतेस?"

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. ठरवून आणलेले प्रश्न पटकन आठवेनात.

"मावशी, हे हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या भाच्याने खोटं लिहिलंय. उद्या त्याची नोकरी जाणार."

मावशीचं हसू मावळलं. ती समोर बसली.

"पहिल्यांदा मी मेले ना, तेव्हा त्याची पोर शाळेच्या जिन्यावरून पडली होती. शाळेतून फोन आला. ह्याने सुट्टी मागितली, तर म्हणे महिनाभर आधी कळवा. मग मेले मी. मधल्या दोन वेळा त्याच्या बायकोच्या आजारपणात गेल्या. आणि चौथ्या वेळी मी मेले, त्याच दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मेलेल्या मावशीचा हात धरून पोरगा दिवसभर दवाखान्यात बसला होता!"

"पण खरं कारण सांगायचं ना!"

"कुठे सांगायचं? आण तो तुझा कागद. वाच."

"जवळच्या नातेवाइकाचे निधन झाल्यामुळे..."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"बघ! मी मेले तर अख्खा दिवस, आणि जिवंत असेपर्यंत अर्धा तासही नाही. अगं पोरी, मेलेल्या माणसाला कसली आलीये घाई? घाई जिवंत माणसाची असते! त्याने खोटं लिहिलं, हे वाईटच. मी त्याला उठता-बसता ऐकवते. पण खोटं लिहिल्याशिवाय भरताच येत नाही असा कागद छापला कुणी?"

मावशीने पाण्याचा पेला पुढे केला आणि सहज विचारलं, "मला एक सांग. तुमच्याकडे खरंच कुणाचं माणूस गेलं, तर तुम्हाला कळतं कसं?"

पेला बाईंच्या हातात तसाच राहिला.

गेल्या वर्षीची गोष्ट. शिलाई विभागातली एक बाई हाच अर्ज घेऊन टेबलापाशी आली होती. नात्याच्या जागी लिहिलं होतं 'वडील'. हजेरीबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "कितव्यांदा?" शेजारचे दोघे कारकून खदाखदा हसले होते. ती बाई सही करून निघून गेली, आणि एका दिवसाने परत येऊन मशिनवर बसली. पुढे कधीतरी तिने घरच्या माणसांच्या यादीचा कागद बदलून दिला, त्यात वडिलांचं नाव नव्हतं, तेव्हा कळलं की ते खरंच गेले होते. दोनशे चाळीस माणसांतलं एकही तिला 'वाईट झालं' म्हणालं नव्हतं. ते आठवलं की हजेरीबाई दुसरीच फाइल उघडायच्या. आज उघडायला दुसरी फाइल नव्हती.

शुक्रवारी त्यांनी साहेबांसमोर पत्र ठेवलं. सहीची जागा कोरी होती.

"सही?"

"नाही करणार, साहेब. सात वेळा खोटं बोलला, हा त्याचा दोष. पण तसं बोलल्याशिवाय पोरीला दवाखान्यात नेता येत नाही, हा आपला. नऊ वर्षं हा कागद मीच वाटत आलेय. हा आधी बदला."

"आणि उद्यापासून अर्धा कारखाना घरी बसला म्हणजे?"

"तीन महिने द्या. बसला तर या पत्रावर टेपवाल्याच्या खाली माझं नाव घाला."

साहेब खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "बाई! एका लबाडासाठी स्वतःची नोकरी पणाला लावताय?"

"एकासाठी नाही. या सहाशे तेरा जणांसाठी." त्यांनी तक्ता टेबलावर पसरला.

साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. सोळा काकांपाशी त्यांना हसू आलं. विजेवाल्यापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूहळू हसू गेलं.

"यातले खरे किती?"

"माहीत नाही, साहेब. तेच तर सांगतेय. आपल्याला माहीतच नाही!"

साहेबांनी तक्ता पुन्हा वरपासून चाळला. शेवटी साहेबांनी पत्र खणात ठेवलं. फाडलं नाही, हे ध्यानात असू द्या. "तीन महिने," ते म्हणाले. "एक दिवस जास्त नाही."

सोमवारी नवा अर्ज आला. त्यावर छापलं होतं: 'आज घरी माझी गरज आहे, कारण', आणि पुढे भरपूर मोकळी जागा. तासाभराची सवलत हवी तर तेवढीच मागायची सोय होती. पहिल्याच दिवशी एकतीस जण गैरहजर! साहेब घड्याळ हातात धरून बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आकडा एकोणीसवर आला, मग अकरावर. कारणं वाचताना बाईंना जणू अख्खं गाव नव्याने भेटत होतं. 'नळ फुटला.' 'मुलगी दोन दिवस बोलत नाहीये.' एकाने नुसतं लिहिलं, 'आज जमत नाहीये.' त्याच्याकडे बाई स्वतः खाली गेल्या आणि शेजारच्या खोक्यावर बसून राहिल्या.

मधल्या काळात एक काम उरलं होतं. त्यासाठी धीर गोळा करायला त्यांना दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्या शिलाई विभागात गेल्या.

"गेल्या वर्षी तुमचे वडील गेले," त्या मशिनपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला जे विचारलं, ते विचारायला नको होतं. माझं चुकलं."

मशिन चालूच राहिलं. कापडाची कड संपली, तसा त्या बाईने पाय उचलला.

"रेडिओ दुरुस्त करायचे," ती म्हणाली.

"काय?"

"वडील. तुम्ही विचारलं नव्हतंत ना, ते कोण होते, काय करायचे? म्हणून सांगते." आणि थोडं थांबून, "बसा की."

बाई बसल्या. त्या दुपारी एक बॅग कमी शिवून झाली. बसवा ती हिशेबात कुठेही!

तीन महिने संपले, तेव्हा गैरहजेरी पूर्वीपेक्षाही कमी भरली. साहेबांचा विश्वास बसेना, त्यांनी दोनदा मोजून घेतली. गोम अगदी सोपी होती. पूर्वी तासाभराचं काम असलं तरी माणूस अख्खा दिवस घ्यायचा. तासाभरासाठी कुणी मरत नाही, मरायचं तर दिवस लागतोच! आता तासाचं काम तासात व्हायचं, आणि गेलेला माणूस परत आला की मागे राहिलेलं काम आपणहून उरकायचा. नातेवाइकांचं म्हणाल, तर तीन महिन्यांत एकच मृत्यू नोंदला गेला. सोळा काकांवाल्याची आई. या वेळी कुणी आकडा विचारला नाही. साहेब स्वतः त्याच्या घरी जाऊन आले.

शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळे जमले. घरच्यांनाही बोलावलं होतं. साहेबांनी सर्वांदेखत ते पत्र फाडलं. टेपवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात वर केला तर मनगटातलं रीळ नाकावर आपटलं. हॉल हसला. मग साहेबांनी नव्या प्रमुखांचं नाव पुकारलं, आणि हजेरीबाई टाळ्यांच्या गजरात उभ्या राहिल्या.

"मित्रांनो," त्या म्हणाल्या, "या नोकरीत मी माणसं मोजायला शिकले होते. ती ऐकायला फार उशिरा शिकले. तुम्ही घरी आई असाल, दुकानात मालक असाल, वर्गात शिक्षक असाल, तुमच्या हाताखाली एक जरी माणूस असलं, तरी एवढं करा. ते खोटं बोललं तर रागावण्याआधी स्वतःला विचारा, खरं बोलायला मी त्याला जागा ठेवली होती का? जिथे खरं ऐकून घेतलं जातं, तिथे खोट्याची गरज पडत नाही. आणि जिवंत माणसांसाठी वेळ काढा. नंतर तो कितीही काढला तरी त्यांच्या उपयोगाचा नसतो!"

टाळ्या पडल्या. बाईंना जरा जोर चढला.

"हे मला शिकवलं या मावशींनी. त्यांच्याविषयी फार ऐकलं होतं, म्हणून मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. आपुलकीने, त्यांची विचारपूस करायला..."

"खोटं!" मागच्या खोक्यावरून खणखणीत आवाज आला. मावशी उठून उभी राहिली होती. "विचारपूस कसली गं? माझ्या भाच्याला पकडायला आली होतीस, फाइल घेऊन! सांग की खरं, आता तर जागा ठेवलीये ना?"