उदाहरण पद्धत

साहेब, तुम्ही त्याला फसवलंत. त्याचा हात गेला त्यात तुमचा दोष किती, मशीनचा किती आणि नशिबाचा किती, ते तूर्त बाजूला राहू द्या. हात गेल्यावर त्या माणसाने स्वतःच्या जिवावर जे कमावलं त्यावर तुम्ही डल्ला मारलात, आणि वर त्यालाच गाडीत बसवून इस्पितळात पाठवलंत. पाठवलंत की नाही? दार तर तुम्हीच उघडून धरलं होतंत.

"जा, दोन शब्द बोलून या," साहेब त्याला म्हणाले. "पोरगी खचलीय. कुणाशी बोलत नाही. तुमच्याकडे बघून तिला बळ येईल."

"काय झालं तिला?"

"बोटं गेली. मागच्या शेडमध्ये, प्रेसवर. घाई केली असणार, दुसरं काय. तुम्ही आपलं नेहमीचं सांगा. हात गेला म्हणून..."

"हिंमत जात नाही," त्याने वाक्य पुरं केलं. पाठच होतं ते.

डब्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. 'आपल्यासमोरचं हे जिवंत उदाहरण' असं साहेब एकदा माईकवर बोलून गेले आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. चहाच्या सुट्टीत पोरं विचारायची, "काय उदाहरण, सुटलं का?" शाळेत ज्यांना गणिताने रडवलं होतं त्यांनी तर सूडच उगवला. "आमच्या पेपरात हे आलंच नव्हतं बुवा." तोही कमी नव्हता. "बरं झालं. तुला कुठे झेपणार होतं?"

ते हसणं त्याला फुकट मिळालं नव्हतं. उजवा हात कोपराखाली जेमतेम चार बोटांएवढा उरला तेव्हा तो घरी भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. एका सकाळी बायकोने शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

"अहो, बटणं लावा."

"कशी लावू?"

"मला काय विचारता? मला दोन हात आहेत, मला कसं कळणार?"

असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. दाराआडून बघत होती, हे त्याला पुष्कळ नंतर कळलं. पहिलं बटण लागेस्तोवर चहा निवला. शेवटचं लागलं तेव्हा लक्षात आलं की सुरुवातच चुकलीय, अख्खा शर्ट तिरका. आधी ती हसली, मग तो. अपघातानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

मग मात्र गडी इरेला पेटला. सही, दाढी, बुटाची नाडी, सगळं डाव्या हाताला शिकवलं. शेजारची म्हातारी अर्धांगाने आडवी झाली होती. हाताचा व्यायाम करायचा म्हटलं की रडायची. तो जाऊन तिच्यासमोर बसला, उशीत सुई खोचली आणि एका हाताने दोरा ओवायला लागला. दोरा काही जाईना. म्हातारीने बराच वेळ सोसलं, मग वैतागून म्हणाली, "आण इकडे, मेल्या," आणि लुळा हात पुढे केला. पुढे तोच हात चमच्यापर्यंत पोचला. गल्लीत कुणाचं काही दुखलंखुपलं की लोक म्हणायचे, "त्याला हाक मारा." हे सगळं साहेबांच्या माईकच्या आधीचं.

कारखान्याने त्याला परत घेतलं ते झाडू हातात देऊन. "प्रेसला दोन हात लागतात," सुपरवायझर म्हणाला. खोटं नव्हतं ते. प्रेसच्या दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्यातून झाकण कापतो. म्हणजे ठोकळा येईल त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बाहेर, बटणांवर. त्याचा हात गेला तो जुन्या मशीनवर, पायाने चालणाऱ्या. त्या अपघातानंतर ही बटणांची मशीनं आली. "माझा हात घेऊन बसवलेली बटणं आहेत ती," तो म्हणाला, "आणि त्यांना मीच शिवायचं नाही होय?"

फिटर त्याचा जुना दोस्त. दोघांनी डोकी लावून उजव्या बटणावर एक लाकडी दांडा बसवला. कोपराने दाबला की बटण दबतं, कोपर उचललं की सुटतं. पत्रा डाव्या हाताने ठेवायचा, मग धड हात डाव्या बटणावर, थोटा दांड्यावर. पहिलं झाकण ट्रेमध्ये खणकन पडलं तेव्हा शेडमधले सगळे आपापली कामं थांबवून बघत होते. फिटरने त्याच्याकडे पाठ फिरवून डोळे पुसले आणि वंगण उडालं म्हणाला.

त्यानंतर साहेब जागे झाले. भाषण झालं, टाळ्या झाल्या, गेटावर त्याचा माणसाएवढा फोटो लागला. त्याचं मशीन पुढच्या काचेच्या खोलीत आणलं. पाहुणे आले की त्याने दहा-वीस झाकणं कापून दाखवायची आणि चार शब्द बोलायचे. कापडाच्या दुकानात पुतळा असतो तसा तो काचेमागे उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. का नाही आवडणार? ज्याच्या हाती झाडू दिला होता त्याच्याशी आता पाहुणे डावा हात पुढे करून हस्तांदोलन करत होते. मागच्या शेडमध्ये नव्या प्रेस आल्या. तिकडे तो फिरकला नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं, आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

इस्पितळात पोरगी कुशीवर झोपली होती. उजव्या हाताचं पट्ट्यांनी गाठोडं केलं होतं. कारखान्यात सगळे तिला नवी म्हणत; तिच्यामागून कितीतरी लागले, तरी ती नवीच. उशाशी तिची आई होती. ती झटकन उठली आणि स्टूल पुढे केलं.

"बसा, दादा. तुमचा फोटो बघूनच हिने ही नोकरी धरली. म्हणाली, आई, जिथे अशा माणसाला मान देतात तिथे आपल्याला कसली भीती."

तो बसला. घसा खाकरला. "हे बघ, पोरी. हात गेला म्हणून..."

"ते राहू द्या," नवी भिंतीकडे बघतच म्हणाली. "मला एक सांगा. तुम्हाला कसं जमतं?"

"काय?"

"एक हात बटणावर ठेवायचा आणि दुसरा मोकळा असून आत जाऊ द्यायचा नाही. मी लक्ष ठेवून होते, तरी गेला."

"मला दुसरा हातच नाही," तो म्हणाला. पाहुण्यांसमोर ह्या वाक्याला हशा यायचा. इथे कुणी हसलं नाही. "आणि एक बटण कुठलं? दोन असतात."

"उजवं दाबूनच ठेवलेलं असतं ना. पाचर मारून."

"कुणी मारली पाचर?"

आता ती त्याच्याकडे वळली. "तुमचीच ना ती? उदाहरण पद्धत."

त्याला कळलेलं दिसेना, म्हणून तिने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. उजव्या बटणात पाचर ठोकायची. डावा हात बटणावर, उजव्याने पत्रा सरकवत राहायचा. काम भरभर होतं. मागच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी सुपरवायझर हे शिकवतो.

"मी म्हटलं, भीती वाटते. तर म्हणाले, एका हाताचा माणूस चालवतो आणि तुला दोन असून रडू येतं?"

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "दादांना कशाला बोलतेस."

"बोलत नाहीये. विचारतेय."

उठताना तो एवढंच म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

"असेल," नवी म्हणाली. "पण नाव तर तुमचं आहे."

गाडी कारखान्याच्या पुढच्या गेटाकडे वळायला लागली तेव्हा त्याने ड्रायव्हरला मागच्या गेटाने घ्यायला सांगितलं. शेडमध्ये ओळीने प्रेस चालू होत्या आणि प्रत्येकीच्या उजव्या बटणात लाकडाची पाचर घट्ट बसली होती. लाकूड त्याने ओळखलं. त्याच्या दांड्याला वापरलं होतं तेच. फिटर शेवटच्या मशीनपाशी वाकलेला होता.

"ह्या तू केल्यास?"

फिटरने हातातली पकड खाली ठेवली, परत उचलली. "मला म्हणाले, उदाहरणासारखं करून दे. दिलं."

"माझ्या दांड्यावर माझं कोपर असतं. हिच्यावर काय असतं?"

"काही नसतं."

"मग माझ्यासारखं कसं झालं?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल," फिटर म्हणाला. "सगळ्यांनाच वाटलं. तुझ्या नावाने चाललंय म्हणजे तुला विचारलंच असेल."

आपल्याच माणसाच्या पायात पाय अडकून पडावं, तसं झालं. शत्रू असता तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता. हा दोस्त, आणि तोही खोटं बोलत नव्हता.

त्याने पहिल्या मशीनवरच्या माणसाला म्हटलं, "हात बाहेर घे. बंद कर." मशीन बंद झालं तशी त्याने डाव्या हाताने पाचर हलवून हलवून उपटली आणि खांद्याच्या पिशवीत टाकली. मग दुसरी. सुपरवायझर धावत आला. "ओ उदाहरण, डोकं फिरलं का? माल अडकतोय." त्याने मान वर केली नाही. तिसरी पाचर हटेना. तो गुडघा टेकून खेचत होता, तेवढ्यात पलीकडच्या मशीनवरच्या बाईने आपलं मशीन बंद केलं, आपली पाचर आपणच काढली आणि त्याच्या पिशवीत टाकली. तिच्यापुढच्यानेही तेच केलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकेक करत मशीनं गप्प झाली. फिटर पकड घेऊन आला आणि न हटणारी तिसरी त्याने काढून दिली. उदाहरणाने ती घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

साहेबांच्या टेबलावर काच होती. त्या काचेवर त्याने पिशवी उलटी केली.

"हे काय?"

"माझी पद्धत. नाव तुम्हीच दिलंत ना."

साहेबांनी एक पाचर उचलून ठेवली. आवाज मऊ केला. "बसा आधी. अहो, तुमच्या दांड्यावरूनच सुचलं आम्हाला. कौतुकानेच दिलं नाव. त्यात तुमचाच मान आहे."

"पोरीने मान बघूनच नोकरी धरली होती."

"तिची काळजी करू नका. बरी झाली की तिलाही सांभाळून घेऊ. पुढच्या काचेच्या खोलीत अजून एक मशीन मावतं. तुम्ही शिकवा तिला. छोटासा कार्यक्रम करू. तिचाही फोटो लावू तुमच्या शेजारी. लोकांना केवढा हुरूप येईल."

साहेब हे मनापासून बोलत होते. त्याने नीट बघितलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच त्याला झोंबलं. एवढी वर्षं त्याने ह्याच चेहऱ्यावर विश्वास ठेवला होता.

त्याला दिलेली खुर्ची रिकामीच राहिली. मागच्या शेडचा आवाज एरवी ह्या खोलीच्या काचा थरथरवतो. आता टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. साहेबांनी फोनकडे हात नेला.

"फोन नंतर करा," तो म्हणाला. "तिच्याकडे तुम्ही मला पाठवलंत. पुढच्याची बोटं जातील तेव्हा त्याच्याकडे तिला पाठवणार का? हो की नाही, एवढंच सांगा."