मागच्या लायनीचं तेवढं बघा

नगरपालिकेचं जुनं शॉपिंग सेंटर पाडून नवं बांधायचं ठरलं आणि कधी नव्हे ते लोकांनाही विचारायचं ठरलं. टाऊन हॉलवर 'नागरिकांच्या सूचना व हरकती' असा भला मोठा बॅनर लागला. आता बॅनर लागला म्हणजे विचारलंच असं धरून चालायचं, दुसरं काय!

पुढच्या लायनीला कसलाच घोर नव्हता. बसस्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून कापडाची, भांड्यांची दुकानं. त्यांना नव्या इमारतीत काचेचे गाळे मिळणार होते. घोर होता तो नाल्याकडच्या मागच्या लायनीला. तिथं सविताचं पिको-फॉल अन् ब्लाऊज शिवायचं दुकान, शेजारी सुगतचं मोबाईल दुरुस्तीचं आणि दोघांच्या मधल्या ओट्यावर म्हाताऱ्या तानुबाईची बांगड्यांची पाटी. नव्या नकाशात त्या जागेवर पार्किंग दाखवलं होतं. मागच्या लायनीचं नावसुद्धा कुठं नव्हतं.

"ताई, तुमीच बोला," सुगत म्हणाला. "मी उभा ऱ्हायलो की लगेच म्हणतेत, आला राजकारण करायला. तुमचं ऐकतील. तुमचं कुणाशी वाकडं न्हाई."

"बोल गं पोरी," तानुबाईनं पाटीमागून री ओढली. "कुणी खातंय का तुला? मला दुकान नगं. छताखाली टेकायला कोपरा माग, बस."

सविता तयार झाली. मशीनवर बसल्या बसल्या तिनं वाक्य घोकलं, 'आमाला आधी जागा द्या, मगच इमारत पाडा.' त्या नादात एका ब्लाऊजची बाही उलटी बसली अन् सगळी उसवावी लागली.

सभेला हॉल भरला. माईक भुजंगरावांच्या हातात. भुजंगराव म्हणजे पुढच्या लायनीतले कापडवाले, व्यापारी संघाचे अध्यक्ष. आपल्याकडं सत्कार झाल्याशिवाय सभेला तोंड फुटतं होय? नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांचा सत्कार झाला, ठेकेदाराचा झाला, नकाशा काढणाऱ्याचाही झाला. मग भुजंगरावांची नजर फिरत फिरत सवितावर आली.

"आणि आपल्या शॉपिंगमधल्या कष्टाळू भगिनी, महिला दुकानदारांच्या प्रतिनिधी, सविताताई! या ताई, या, लाजू नका."

टाळ्या पडल्या. भरल्या सभेत मानाला बोलावल्यावर 'मी न्हाई येत' असं कोण म्हणेल? तिनं डोक्यावर पदर घेतला अन् गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. फोटोवाला "इकडं बघा" म्हणाला, ती हसली. तिला बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. सगळी हयात मशीनवर गेली, स्टेजवर तिला कुणी बोलावलं होतं?

"आता दोन शब्द बोला," भुजंगरावांनी माईक पुढं केला.

समोर सुगत ताठ बसला होता. पार मागं भिंतीला टेकून तानुबाई. वाक्य तोंडपाठ होतं. पण ज्या माणसानं आत्ताच एवढा मान दिला, त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? तिला ते जमेना. तिनं साहेबांचं नाव घेतलं, अध्यक्षांचं घेतलं, ठेकेदाराचंसुद्धा घेतलं. सगळ्यांचे आभार मानले. शेवटी कसंबसं तोंडातून निघालं,

"आमच्या मागच्या लायनीचं तेवढं बघा."

"बघतो ना ताई! नक्की बघतो!" साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या.

भुजंगरावांनी माईक ओढून घेतला. "महिला दुकानदारांचाबी पाठिंबा हाय, ऐकलं ना सगळ्यांनी? आणखी कुणाची हरकत?"

"माझी हाय," सुगत उठला.

"अरे बाबा, तुझ्याच लायनीच्या ताईनं आत्ता पाठिंबा दिला. तू कशाला खोडा घालायलास?"

हॉल हसला. सुगतनं सविताकडं बघितलं. 'मी न्हाई दिला पाठिंबा' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ती नारळ घट्ट धरून पायाकडं बघत राहिली. सुगत खुर्ची सरकवून निघून गेला. मग हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि सगळे चहाला उठले.

सकाळी गावभरच्या मोबाईलवर तिचा हसरा फोटो फिरत होता. वर लिहिलेलं, 'गाळेधारकांचा एकमुखी पाठिंबा'. ती दुकानाकडं आली. सुगतनं मान वर केली नाही. तानुबाई आता चांगली फाडून खाईल, असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. पोटभर शिव्या बसल्या असत्या तर जिवाला थोडं हलकं वाटलं असतं.

तानुबाईनं तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. पाटीतल्या चांगल्यातल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि तिच्या हातात चढवायला लागली.

"मावशी, आज काय सण हाय?"

"असू द्या सविताताई," तानुबाई हळूच म्हणाली. "आता तुमी मोठ्या लोकांत बसायलाव. तुमाला म्होरं काचेचा गाळा मिळंल. त्याच्या दारात मला टेकू द्या. तुमच्या गिऱ्हाइकाला आडवी यायची न्हाई मी."

सविताला भडभडून आलं. "अगं मावशी, मला कुठला गाळा! माझंबी दुकान पाडणार हायेत. तुझ्यासारखीच मी रस्त्यावर येणार!"

तानुबाई समजूतदारपणे हसली. "ऱ्हाऊ द्या. असलं आत्ताच कुणाला सांगायचं नसतंय, कळतंय मला. मी कुणाजवळ बोलणार न्हाई," असं म्हणून तिनं सविताचा दुसरा हात मांडीवर घेतला.