ताऱ्याआधी लागणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कुणी कधी पुस्तक वाचलेलं नाही. काचेच्या नळीत थोडासा वायू आणि धातूचा एक तुकडा, एवढाच माझा संसार. वेधशाळेत दुर्बिणीखालच्या थंड खोलीत मी राहतो.

तिथलं यंत्र ताऱ्याचा उजेड पसरून त्याचा रंगीत पट्टा करतं. पट्ट्यातल्या काळ्या रेषांवरून तारा किती तापलेला आणि किती मोठा आहे, ते कळतं. लहान, घट्ट ताऱ्याच्या रेषा रुंद, मोठ्या फुगलेल्याच्या बारीक. पण यंत्राचा काय भरवसा! म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या आधी आणि नंतर मला लावायचं. माझ्या उजेडाच्या रेषा कुठे पडतात, किती बारीक असतात, हे पक्कं ठाऊक असतं. त्या तशाच दिसल्या, की यंत्र ठीक. वर्षानुवर्षं हेच केलं आणि कौतुकही खूप झालं.

मग माझी काच काळवंडू लागली. माझ्यासारखे दिवे बनायचे बंद झाले होते. यंत्रं सांभाळणारे काका कळवळून म्हणाले, "म्हाताऱ्याला जरा जपू या. महिन्यातून एकदा लावला तरी पुरे." झालं! मी अंधारात, आणि काम माझ्या जुन्या मापांवर.

त्याच सुमारास संशोधक ताईंनी एक तारा हाती घेतला. त्याच्यासमोरून जाणारा ग्रह ताऱ्याचा किती भाग झाकतो, हे कळलेलं होतं. ताऱ्याचं माप मिळालं, की ग्रहाचंही मिळणार होतं. ताऱ्याच्या रेषा रुंद आल्या. म्हणजे तारा लहान आणि घट्ट. म्हणजे ग्रहही लहान, थेट पृथ्वीएवढा! ताईंनी उमेदीची सगळी वर्षं अशाच एका ग्रहाच्या शोधापायी घातली होती. त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात.

लेख पाठवायच्या दिवशी दुपारी त्या खाली आल्या.

"काका, एकदा दिवा लावू या."

"अहो ताई, कशाला त्याचा जीव घेता? मापं आहेत की!"

"आहेत हो. पण मला चैन पडत नाहीये."

मी लागलो. अरे देवा! माझ्याही रेषा रुंद, पसरट! साफसफाईत यंत्रातलं भिंग जागचं हललं होतं. ताऱ्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. भिंग बसवून रात्री त्याला पुन्हा पाहिलं, तर तो चांगला मोठा, फुगलेला निघाला. ग्रहही मग पृथ्वीच्या कितीतरी पट मोठा, नुसता वायूचा गोळा.

ताई स्टुलावर बसून रडल्या. मलाही फार वाईट वाटलं. काका खाली मान घालून म्हणाले, "मी आपला त्याला जपायला गेलो."

ताईंनी डोळे पुसले. "उद्यापासून रोज लावा, काका. विझला तर विझला." आणि लेखातला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. काच पुसा, वायरी तपासा. पण जपायचं म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. एक दिवस मी लागणार नाही, तेव्हा खुशाल काढून टाका. तोवर मला रोज लावा, आणि मी दाखवीन ते नावडलं तरी बघा.