टाकीतलं पाणी

माझ्या हाताखालून गेलेली टाकी गंजत नाही. चांगहुआ शहरात पस्तीस वर्षं जुन्या मोटारसायकलींच्या टाक्या दुरुस्त करतोय, आणि दोन वर्षांची हमी तोंडी नाही, लिहून देतो. त्यामुळे पो-रुइने चार महिन्यांपूर्वी नेलेली टाकी परत आणून माझ्या बाकावर आदळली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"साय-हू, झाकण उघडून बघा," तो म्हणाला. मिस्त्रीला आमच्याकडे साय-हू म्हणतात, पण त्या दिवशी त्याच्या तोंडून ते शिवीसारखं आलं.

आत बॅटरी मारून बघितलं. तळाला लाल गंज, आणि मी दिलेला लेप फुगून सुटलेला. बाहेर डाव्या बाजूला बशीएवढा पोचा.

"हा पोचा कुठला?"

"घाटात पडलो. चढावर पेट्रोल संपत आलं म्हणून कॉक रिझर्व्हला फिरवला, तर वळणावरच इंजिन बंद. मागून बस येत होती, ती कशीबशी थांबली. टाकी दगडावर आपटली म्हणून पाय वाचला."

पो-रुइ डोंगरातल्या चहाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. सोमवारी सकाळी जातो, शुक्रवारी येतो. गाडी त्याच्या बापाची. बाप ट्रक चालवायचा, आणि त्याच घाटात ट्रकसकट दरीत गेला, त्याला अकरा वर्षं झाली. आख्ख्या गल्लीला हे माहीत आहे. म्हणून पोरगा 'वळणावर' म्हणाला तेव्हा माझा अर्धा राग उतरला. अर्धा राहिला.

"पेट्रोल कुठे भरतोस?"

"तुम्ही भरता तिथेच."

"मग गाडी पावसात उघडी ठेवत असशील."

"घरात ठेवतो, आईच्या खोलीबाहेर. साय-हू, काम कच्चं झालं एवढं कबूल करा की."

"त्यासाठी मला आधी मरावं लागेल. शुक्रवारी ये. तोवर बसने जा."

तो गेल्यावर टाकीतलं उरलंसुरलं काचेच्या बरणीत ओतलं. वर पेट्रोल, खाली पाणी. पाणी चांगलं अर्धा लिटर होतं. कॉक नेहमीच्या जागी असतो तोवर इंजिनाला वरचं पेट्रोल मिळतं. रिझर्व्हला फिरवला की तळातलं जातं. म्हणजे गाडी का बंद पडली ते कळलं. पाण्यात महिनोन्‌महिने बुडून राहिला तर कुठलाही लेप फुगणारच, तेही कळलं. पाणी आलं कुठून ते कळेना. हवेच्या दमटपणाने एवढं साचत नाही.

बरणीच्या बुडाशी राखाडी गाळ बसला होता. गंज राखाडी नसतो. जुन्या बनियनमधून गाळून बघितला तर नखाएवढा पिवळा कागद निघाला, कडेने जळालेला, त्यावर लाल शाईची अर्धी रेघ.

लहानपणी मला ताप आला की आई देवळातून अशीच पिवळी, मंतरलेली चिठ्ठी आणायची, ती जाळून राख पाण्यात कालवायची आणि नाक दाबून मला पाजायची. ती चव अजून आठवते. बरणीत तीच राख होती, आणि पो-रुइच्या घरात ती आणणारं माणूस एकच.

पो-रुइची आई चुन-थाओ बाजाराच्या तोंडाशी बा-वान विकते, मांसाचं सारण भरून तळलेले गोळे. बरणी पिशवीत घालून तिथे गेलो. चार शब्द सुनवायचेच असं ठरवून गेलो होतो.

"आ-सो," मी म्हटलं. गल्लीत सगळे तिला असंच म्हणतात, वहिनी. "टाकीत काय ओतता तुम्ही?"

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. "त्याने सांगितलं?"

"त्याला माहीत नाही."

"मग सांगूही नका, चिडतो. चिठ्ठीचं पाणी पी म्हटलं तर वाटी सरकवून देतो. म्हणतो, आई, मी यंत्रं शिकलोय. तो पीत नाही ना, मग मी गाडीला पाजते. दर सोमवारी, तो तोंड धूत असतो तेवढ्यात. छोटी वाटीभर."

"गाडीला?"

"त्याला नेते कोण? गाडीच ना?"

मी पिशवीत हात घातला आणि बरणी धरली.

"आणि बघा ना," ती तेलातला गोळा उलटत म्हणाली, "परवा पडला. त्याच घाटात. टाकी चेपली, पण पोराला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या बापासाठी मी कधी काही आणलं नाही हो. तेव्हा वाटायचं, कशाला उगाच."

पोराला तुम्हीच पाडलंत, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. म्हणवलं नाही. माझा राग कुठे गेला मलाच समजलं नाही; तिची दया आली, खरं सांगायचं तर भीतीही वाटली. पण हे थांबवायला तर हवं होतं. पुढच्या वेळी मागची बस थांबेलच असं नाही.

"आ-सो, टाकीत घातलेलं पुढे कुठे जातं?"

"कुठे जातं?"

"इंजिनात. तिथे जळतं आणि धुराड्यातून मागे निघून जातं. तुमचा आशीर्वाद मागून येणाऱ्या बसला मिळतो."

ती चिमटा हातात धरून उभी राहिली. "बसला?"

"तर काय."

"मग मी करू काय?"

"बाहेरून पुसा. फडकं भिजवून टाकीला, हँडलला लावा. अंगाला लावलेलं अंगावर राहतं. आत एक थेंब घालायचा नाही."

"अगदी थोडंसं? झाकणापाशी?"

"एक थेंब नाही."

"हे आधी सांगायचं ना, साय-हू. चार महिने बसला पाजत बसले मी."

मग टाकी घेतली. आधी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, कारण पेट्रोलच्या वाफेपाशी ज्योत नेणारा मिस्त्री आयुष्यात एकदाच चुकतो. आत मूठभर नट टाकून तासभर हलवली, जुना लेप खरवडून काढला, मग ॲसिड, मग सोड्याचं पाणी, मग बायकोचा केस वाळवायचा पंखा. पोच्याच्या मधोमध कथलाने खिळा चिकटवला आणि सरकत्या हातोडीने पोचा केसाकेसाने बाहेर ओढला. घाई केली की पत्रा ताणला जातो, मग दाबलं की टकटक वाजतो आणि तसाच राहतो. शेवटचा खळगा वितळलेल्या कथलाने भरून कानशीने घासला, रंग दिला. आत नवा लेप, दोन हात. इतकं स्वच्छ काम मी वर्षात केलं नव्हतं.

शुक्रवारी पो-रुइ आला. पोच्याच्या जागेवरून बोट फिरवून बघितलं, बोटाला काही लागलं नाही.

"कारण सापडलं?"

त्याला खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याने ते आईच्या तोंडावर सांगितलं असतं. तो वाईट नाही, पण मनात ठेवत नाही. आणि नवऱ्यासाठी काही केलं नाही म्हणून जी बाई अकरा वर्षं स्वतःला खाते आहे, तिला मुलासाठी केलं ते असं केलं हे कळून काय उरलं असतं?

"झाकणाचं रबर बसवायचं राहिलं," मी म्हटलं. "पाणी तिथून झिरपलं."

"म्हणजे काम कच्चं होतं."

"हो."

तो भांडायच्या तयारीने आला होता, त्यामुळे गडबडला. मग हळू म्हणाला, "मी मेलो असतो, साय-हू."

"हो."

जुन्या गाड्यावाल्यांचा फोनवर एक गट आहे, त्यावर त्याने हे लिहिलं. शिवीगाळ नाही, झालं तेवढंच. पुढच्या पंधरवड्यात तीन लोक आपापल्या टाक्या तशाच परत घेऊन गेले. एकाने तर माझ्यासमोर बाकीच्या टाक्यांची झाकणं उघडून रबर तपासलं. मी दात-ओठ खात कानस चालवत राहिलो.

त्यानंतर एका सोमवारी बा-वान खायला गेलो. स्टुलावर टेकतो न टेकतो तोच चुन-थाओ सुरू झाली.

"हे आले बघा. पस्तीस वर्षांचे मिस्त्री, आणि झाकणाचं रबर विसरतात. माझं एकुलतं एक पोर गेलं असतं यांच्यापायी."

गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली. वाटी माझ्यापुढे आपटून ती वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बसला का मिळेना, माझं पाणी होतं म्हणून वाचला तो. कळलं का?"

"कळलं, आ-सो," मी म्हटलं. "म्हणूनच वाचला."

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिने तेलकट हातानेच कानाला लावला, ऐकलं आणि ठेवून दिला. घाट चढून झाला की पो-रुइ कारखान्यातून फोन करतो.

"पोचला," ती मला म्हणाली, आणि राहिलेल्या शिव्या पुढे सुरू केल्या.